गाडी चालवायचं वय नाही? मग आधी परतीचं ठरवा

१३ ते १७ वर्षांच्या मुलांना क्लास, मैदान, वाचनालय, मित्राचं घर अशी रोजची चार ठिकाणं गाठायची असतात, पण गाडीचा परवाना मिळायला अजून वेळ असतो. यावर मिळणारा सल्ला ठरलेला आहे: सायकल आहे, बस आहे, नाहीतर आई-बाबा आहेतच. ही यादी सगळ्यांना तोंडपाठ असते. अडतं ते संध्याकाळी, क्लास सुटल्यावर.

१. आठवड्याच्या फेऱ्या लिहून काढा

एका कागदावर चार रकाने पाडा: कुठे, किती लांब, कधी पोचायचं, कधी सुटणार. चौथा रकाना रिकामा असेल तर तो भरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. अंतर बघून वाहन ठरवा

माणूस ताशी साधारण ५ किलोमीटर चालतो, म्हणजे दीड किलोमीटरपर्यंत चालणंच सोयीचं. ५-६ किलोमीटरपर्यंत सायकल. ताशी १२ ते १५ किलोमीटरच्या वेगाने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. त्यापुढे बस किंवा रेल्वे.

३. सायकल

सीटची उंची अशी हवी की पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ होईल. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे. मागे सरकवून घातलेलं हेल्मेट फक्त शोभेचं. पुढे पांढरा दिवा, मागे लाल. दुपारी निघणारं मूल अंधारात परतणार असतं, त्यामुळे दिवा सकाळीच चार्ज झालेला हवा.

रस्त्यावर दोन गोष्टींना सूट नाही. उभ्या गाड्यांपासून किमान एक मीटर लांबून जायचं, कारण दार कधीही उघडतं. आणि वळणाऱ्या ट्रक किंवा बसच्या आतल्या बाजूला कधीच शिरायचं नाही. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून वळतात, त्यामुळे सुरुवातीला मोकळी दिसणारी जागा बघता बघता संपते. आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही असं धरून चाला. मोठ्या चौकात समोरची वाहतूक ओलांडून वळायचं असेल तर खाली उतरून, सायकल हातात धरून, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवरून जा. त्यात कमीपणा काही नाही.

विजेच्या सायकली घेताना कायदा बघा. २५० वॉटची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा ही अनेक देशांत ठरवलेली रेषा आहे; तिच्यापलीकडे ती सायकल न राहता मोटारवाहन ठरते आणि मग पुन्हा परवान्याचाच प्रश्न येतो.

४. परतीचा प्रवास

जाताना उजेड असतो, डोकं ताजं असतं, फोन भरलेला असतो आणि बसही लवकर लवकर येतात. परतताना यातलं एकेक कमी होत जातं. तरी घरोघरी आखणी होते ती जाण्याचीच, आणि परतीचं "तसंच उलट यायचं" या तीन शब्दांत उरकतात. तसंच उलट येता येत नाही.

पहिली चूक वेळापत्रक बघतानाच होते. सुट्टीच्या दिवशी सकाळी नकाशाचं ॲप उघडतात, रस्ता विचारतात आणि ते "आत्ता निघालात तर" असं धरून उत्तर देतं. दर १५ मिनिटांनी बस आहे हे बघून सगळे निर्धास्त होतात. तीच बस संध्याकाळी तासाला एक असू शकते. निघण्याची वेळ आणि वार दोन्ही बदलून बघा. गूगल मॅप्समध्ये सार्वजनिक वाहतुकीचा रस्ता शोधताना शेवटची गाडी दाखवणारा पर्याय असतो, तोही तपासा.

शेवटची बस कळली की ती यादीतून खोडून टाका. आखणी शेवटून दुसऱ्या बसवर करायची. शेवटची बस ही राखीव. क्लास दहा मिनिटं लांबतो, चप्पल सापडत नाही, बस दोन मिनिटं आधी निघून जाते, हे सगळं होतंच. दोन बस बदलायच्या असतील तर पहिलीची नव्हे, दुसरीची शेवटची वेळ महत्त्वाची. पहिली मिळाली म्हणून निश्चिंत झालेलं मूल अर्ध्या वाटेवर अडकतं, आणि ते घरी अडकण्यापेक्षा वाईट.

बस कुठे बदलायची हे ॲपवर सोडू नका. ॲप मिनिटं वाचवतं, थांबा कसा आहे ते बघत नाही. दोन्ही बस बरेचदा तीन-चार थांब्यांवर एकत्र धावतात. त्यातला उजेडाचा, दुकानांचा, माणसांची वर्दळ असलेला थांबा निवडा, मग पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील. मध्ये किमान १० मिनिटांची फट ठेवा. दुसरी बस अर्ध्या तासाने एकदाच येत असेल तर १५.

"परतीचा थांबा समोरच असेल" हा सगळ्यात घातक सल्ला. रस्ता एकेरी असेल तर परतीची बस पलीकडच्या समांतर रस्त्यावरून जाते आणि मूल समोरच्या फुटपाथवर कधीही न येणाऱ्या बसची वाट बघत उभं राहतं. दुसरं असं की दोन्ही दिशांना बसचा नंबर तोच असतो. नंबर बघून हात करायचा आणि चढायचं ते पाटीवरचं शेवटचं ठिकाण वाचून. काही बस अर्ध्या मार्गावरूनच परत फिरतात. तेही त्याच पाटीवर लिहिलेलं असतं.

आणि चुकीच्या बसमध्ये चढल्यावर काय करायचं, हे आधीच सांगून ठेवा. घाबरून पुढच्याच थांब्यावर उतरायचं नाही. तो सुनसान असू शकतो. बसूनच राहायचं, चालकाला किंवा वाहकाला सांगायचं, घरी फोन करायचा आणि पुढच्या गजबजलेल्या थांब्यावर किंवा शेवटच्या स्थानकावर उतरायचं. तिथून हलायचं नाही. शोधायला निघालेला माणूस आणि शोधलं जाणारं मूल दोघंही फिरत राहिले तर भेट होत नाही.

फोन २० टक्क्यांवर आला की गाणी, व्हिडिओ बंद. दोन नंबर पाठ हवेत, खरोखर पाठ. मुलांना आजकाल स्वतःच्या आईचा नंबर येत नाही. बसचे नंबर, थांब्यांची नावं आणि ते दोन फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून पासच्या पाकिटात ठेवा.

५. सराव, चार फेऱ्यांचा

पहिल्या फेरीत मोठं माणूस शेजारी बसेल, पण तोंड बंद ठेवून. मूल चुकीच्या थांब्यावर उतरलं तर सोबत उतरा. ही चूक आताच झालेली बरी. दुसऱ्या फेरीत चार आसनं मागे बसा. तिसऱ्या फेरीत मूल एकटं येईल आणि तुम्ही थांब्यावर भेटाल. चौथी त्याची त्याने. यातली निदान एक फेरी ज्या वारी, ज्या वेळी ते खरंच परतणार आहे तेव्हाच करा, आणि एकदा मुद्दाम बस सोडून द्या. बस गेल्यावर काय करतं ते बघायला मिळतं. रविवारी दुपारी केलेला सराव हा सराव नव्हे.

६. सोबत आणि टॅक्सी

तीन-चार घरांनी मिळून आणण्या-सोडण्याच्या पाळ्या लावायच्या असतील तर वारासमोर नाव लिहा, आणि सोडणारा कोण, आणणारा कोण हे वेगवेगळं लिहा. "बघू कोण येतंय ते" म्हटलं की कोणीच येत नाही.

नुकताच परवाना मिळालेल्या मित्राच्या गाडीला मात्र नाही म्हणा. नवशिक्या चालकाच्या गाडीत समवयस्क वाढले की अपघाताचा धोका वाढतो. म्हणूनच अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत अशा चालकांनी किती तरुण प्रवासी घ्यावेत यावर मर्यादा आहे.

ॲपवरून टॅक्सी बोलावताना वयाची अट वाचा. बऱ्याच सेवांमध्ये १८ वर्षांखालच्यांना एकट्याने बसता येत नाही. उबरने २०२३ पासून काही देशांत १३ ते १७ वयासाठी पालकांच्या खात्याला जोडलेलं खातं सुरू केलंय. त्यात पालकांना प्रवास फोनवर दिसत राहतो. सेवा कुठलीही असो, गाडीचा नंबर ॲपवरच्या नंबराशी जुळवून बघायचा, मागे बसायचं आणि "कोणासाठी आलात?" हे चालकाला विचारायचं. आपलं नाव आपणहून सांगायचं नाही.