फोनवर तिसऱ्याच माणसाचा आवाज येतोय? मग हे करून बघा

कॉल चालू असताना मधेच तिसरंच कोणी बोलायला लागलं, किंवा तुम्ही फोन लावला आणि दोन अनोळखी माणसं त्यांच्या घरातलं काहीतरी बोलतायत असं ऐकू आलं, तर सगळ्यात आधी मोठ्याने सांगा, "अहो, तुमचं बोलणं इकडे ऐकू येतंय, कट करा", आणि स्वतः पण कट करा. त्यांना तुमचा आवाज जाईलच असं नाही, पण गेला तर त्यांचं भलंच होईल, कारण माणसं फोनवर काय काय बोलतात, कोणाचा रिपोर्ट आलाय, कोणाचं लग्न मोडलंय, कार्डचा नंबर काय, आणि त्यांना वाटत असतं आपण दोघंच आहोत. ऐकत बसू नका, रेकॉर्ड तर अजिबात नको. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने पीयूसीएल ह्या नागरी हक्क संघटनेच्या केसमध्ये सांगितलंय की घरातून किंवा ऑफिसातून फोनवर खाजगी बोलणं हा प्रायव्हसीचा हक्क आहे, आणि तो चुकून लाइन जुळली म्हणून संपत नाही.

आता हे होतं कशामुळे. लँडलाइनच्या काळात क्रॉस कनेक्शन म्हणजे रोजचीच गोष्ट होती, तांब्याच्या वायरी एकमेकांना चिकटून जायच्या, पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की एका जोडीतला आवाज दुसरीत उतरायचा. मोबाइलमध्ये असं होत नाही. भारतात ३१ जुलै १९९५ ला कलकत्ता ते दिल्ली पहिला मोबाइल कॉल झाला, तेव्हापासूनच आपल्याकडे जीएसएम म्हणजे डिजिटल नेटवर्क आहे, त्यामुळे साधा रेडिओ स्कॅनर लावून कोणी ऐकू शकेल असा प्रकार इथे नव्हताच. आजच्या फोर-जी कॉलमध्ये तुमचा आवाज छोट्या छोट्या पॅकेटमध्ये तुटून जातो, प्रत्येक पॅकेटवर पत्ता असतो, आणि कधीतरी कंपनीच्या मशीनमध्ये पत्त्याची गल्लत झाली की टपाल चुकीच्या दारात पडतं. क्वचित होतं, पण होतं. उपाय साधा आहे, कट करून परत लावा, नवीन कॉलला नवीन रस्ता मिळतो. वायफाय कॉलिंग चालू असेल तर ते बंद करून एकदा लावून बघा, म्हणजे दोष घरच्या नेटचा आहे की मोबाइल नेटवर्कचा ते कळेल.

स्वतःचाच आवाज परत ऐकू येतोय? बहुतेक वेळा समोरच्याने स्पीकर चालू ठेवलेला असतो आणि त्याच्या माइकमध्ये तुमचा आवाज परत शिरतो. त्याला स्पीकर बंद करायला सांगा, संपलं. आवाज रोबोटसारखा तुटतोय तर पॅकेट हरवतायत, खिडकीपाशी जा किंवा वायफाय बंद करा. आणि टीव्ही किंवा स्पीकरजवळ फोन ठेवला की जो टर्रर्र आवाज येतो तो टू-जी सिग्नलचा आहे, सेकंदाला साधारण २१७ वेळा फोन सिग्नल सोडतो तो स्पीकरच्या वायरीत घुसतो, त्याचा टॅपिंगशी काही संबंध नाही.

टॅपिंगचं एकदा स्पष्ट सांगतो, कारण ह्या भीतीने लोक उगाच झोप घालवतात. सरकारी टॅपिंग केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांच्या आदेशाने होतं आणि ते कंपनीच्या यंत्रणेत होतं, तुमच्या फोनमध्ये नाही. त्यात क्लिक होत नाही, आवाज घुमत नाही, आणि कुठलाही कोड डायल करून ते कळत नाही. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर "हा कोड टाका, फोन टॅप आहे का कळेल" असं फिरतं ते सोडून द्या.

त्यात जो *#२१# सांगतात तो खरा कोड आहे, पण तो कॉल फॉरवर्डिंग दाखवतो. फॉरवर्डिंग म्हणजे चालू कॉल कोणी चोरून ऐकतंय असं नाही, तुम्हाला येणारा कॉल तुमच्याकडे न वाजता दुसऱ्या नंबरवर जातो. *#६२# टाकल्यावर एखादा अनोळखी नंबर दिसला तरी लगेच घाबरू नका, बऱ्याचदा तो कंपनीच्या मिस्ड कॉल अलर्टचा असतो. पण *#२१# मध्ये कोणाचा तरी साधा मोबाइल नंबर दिसला आणि तो तुम्ही लावलेला नाही, तर लगेच ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग निघून जाईल (मिस्ड कॉल अलर्टपण जाईल, तो परत चालू करून घ्या). काही कंपन्यांचे कोड वेगळे आहेत, तिथे फोन अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग म्हणून मिळेल. हे महत्त्वाचं का, तर कुरियरवाला किंवा कस्टमर केअरवाला बनून कोणीतरी *४०१* आणि पुढे एक नंबर डायल करायला लावायचा, मग ओटीपीचे व्हॉइस कॉल त्याच्याकडे जायचे आणि माणसाचं व्हॉट्सअ‍ॅप नाहीतर बँक अकाउंट हातचं जायचं. म्हणूनच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोडवरून फॉरवर्डिंग लावायची सोय थांबवायला सांगितली. तरी घरातल्या मोठ्यांना सांगून ठेवा, कोणीही फोनवर सांगितलेला स्टार-हॅशवाला कोड डायल करायचा नाही. तसंच कॉल मर्ज करा म्हणून कोणी सांगितलं तर करू नका, दुसरा कॉल बँकेच्या ओटीपीचा असतो आणि तो माणूस मधे बसून ऐकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूपीआयकडून ह्याबद्दल सावध केलं होतं.

पण खरं सांगू का, चुकून ऐकू जाण्याचे बहुतेक प्रकार नेटवर्कमुळे होतच नाहीत, आपल्याच घरात होतात, आणि सगळ्यात जास्त होतात कॉल कट न केल्यामुळे. "बरं, ठेवते गं" म्हणून फोन ओट्यावर ठेवला, स्क्रीन काळी झाली, पण कॉल चालूच, आणि मग ज्यांच्याशी बोललो त्यांच्याबद्दलच घरात बोलणं सुरू. सासू-सुनांची, भावाभावांची वर्षानुवर्षं टिकणारी भांडणं ह्यातून झालेली आहेत. लँडलाइनचा रिसीव्हर ठेवला की कॉल संपायचा, ती सवय वयस्कर माणसांच्या हातात अजून आहे, तेव्हा त्यांच्या फोनवर एक करा. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन "पॉवर बटण दाबल्यावर कॉल बंद" हे चालू करा, म्हणजे बाजूचं बटण दाबलं की कट. आयफोनमध्ये बाजूच्या बटणाने आधीच कट होतो, कोणी ते सेटिंग बदललं असेल तर होत नाही. त्याच भागात ऑटो आन्सर पण बघून घ्या, ते चालू असेल तर फोन आपोआप उचलला जातो आणि खोलीतलं सगळं पलीकडे जातं. आणि मोठ्यांशी बोलत असाल तर "आजी, मी कट करतोय हं" म्हणून तुम्हीच कट करा, त्यांनी आधी ठेवायची वाट बघू नका.

दुसरं म्हणजे ब्लूटूथ. तुम्ही वर घरात बोलताय, खाली पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी चालू केली, फोन गाडीला जोडला गेला, आणि तुमचा कॉल गाडीच्या स्पीकरवर, आत बसलेले सगळे ऐकतायत. तुम्हाला फक्त अचानक शांतता ऐकू येते. असं झालं की कॉलच्या स्क्रीनवर ऑडिओचं बटण दाबा, गाडीचं किंवा हेडफोनचं नाव दिसेल, तिथून परत फोन निवडा. कायमचं हवं असेल तर अँड्रॉइडच्या ब्लूटूथ यादीत त्या गाडीच्या नावापुढच्या सेटिंगच्या चिन्हावर (दातेरी चाकावर) दाबून "फोन कॉल" बंद करा, गाणी चालतील पण कॉल जाणार नाही. गाडी विकताना किंवा भाड्याची परत देताना गाडीच्या स्क्रीनवरून तुमचा फोन डिलीट करा, कॉन्टॅक्ट आणि कॉलची यादी पण आत राहिलेली असू शकते.

नवरा-बायको किंवा आई-मुलगा एकच अ‍ॅपल आयडी वापरत असतील तर एकाचा कॉल दुसऱ्याच्या आयपॅडवर वाजू शकतो. फोनच्या सेटिंगमध्ये "कॉल्स ऑन अदर डिव्हायसेस" बंद करा, आणि जमलं तर प्रत्येकाचा आयडी वेगळा करा, तेच बरं.

अ‍ॅप अपडेट टाळू नका. जानेवारी २०१९ मध्ये ग्रुप फेसटाइममध्ये, म्हणजे आयफोनच्या ग्रुप व्हिडिओ कॉलमध्ये, अशी चूक निघाली की समोरच्याने कॉल उचलायच्या आधीच त्याच्याकडचा आवाज ऐकू यायचा. अ‍ॅपलने ग्रुप फेसटाइमच बंद ठेवलं आणि ७ फेब्रुवारीला आयओएस १२.१.४ मध्ये ते दुरुस्त केलं. मग गूगलच्या प्रोजेक्ट झीरो ह्या सुरक्षा तपासणाऱ्या टीमने शोधलं तर सिग्नल, फेसबुक मेसेंजर, गूगल ड्युओ, जिओचॅट ह्यांच्यातही त्याच जातीच्या चुका सापडल्या, त्या आता दुरुस्त झाल्यात, पण ज्याने अपडेट केलं त्याच्यापुरत्याच. अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४ पासून माइक चालू असला की वर कोपऱ्यात ठिपका दिसतो, अँड्रॉइडवर हिरवा, आयफोनवर केशरी. कॉल नसताना तो दिसला तर वरून स्क्रीन खाली ओढा, कुठलं अ‍ॅप माइक वापरतंय ते कळेल.

जवळच्याच माणसाने फोनमध्ये पाळत ठेवणारं काही टाकलंय असा संशय असेल आणि त्या माणसाची भीती वाटत असेल, तर लगेच अ‍ॅप उडवू नका, त्याला कळेल. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून १८१ ह्या महिला हेल्पलाइनला फोन करा.

आणि नेटवर्कमुळे दुसऱ्याचा आवाज मधे येणं वारंवार होत असेल तर तारीख, वेळ, कुठल्या नंबरवर बोलत होता आणि तेव्हा वायफाय होतं का, एवढं लिहून ठेवा आणि १९८ ला, म्हणजे कंपनीच्या तक्रार नंबरला, तक्रार करा. डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका, कारण दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत तो नंबर देऊनच अपील करता येतं. पैसे गेले असतील तर ही तक्रार नंतर, आधी १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.