डिझेल गाडीत दुसरी बॅटरी बसवताय? या चुका टाळा

इंदूरहून मांडू किंवा ओंकारेश्वरला मुक्कामी जाताना फ्रिज, पंखा, दिवे चालावेत म्हणून बोलेरो-स्कॉर्पिओत दुसरी बॅटरी बसवतात. मग काही दिवसांनी तक्रार सुरू होते, "बॅटरी खराब निघाली." बॅटरी बहुतेक वेळा ठणठणीत असते. खोट तिच्यापर्यंत जाणाऱ्या वायरीत आणि जोडांत असते.

पहिली चूक बारीक वायरीची. बॉनेटपासून डिकीपर्यंत जाऊन-येऊन सहा मीटर तांब्याची वायर धरा. 4 स्क्वेअर एमएमच्या वायरीतून 40 अँपिअर करंट गेला, तर एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो. पुढे 14.2 असतात, मागे 13.2 पोहोचतात. अशी बॅटरी फार हळू भरते. ओंकारेश्वरच्या दोन तासांत अर्धवटच राहते. सतत अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि बॅटरी कायमची कमजोर होते. 16 स्क्वेअर एमएमला हीच घट पाव व्होल्टवर येते. "एवढी जाड कशाला, काका?" असं कुणी म्हणालं तरी जाडच घ्या.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन आणि फ्रिज चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्यांवर व्होल्टेज मोजा. फरक 0.3 व्होल्टच्या वर गेला, तर मीटरची दोन टोकं एकाच जोडाच्या अलीकडे-पलीकडे लावत पुढे सरका. चांगल्या जोडावर जवळजवळ शून्य दिसतं. जिथे 0.2 दिसले, तिथेच घोटाळा आहे: पकडीने चेपलेला लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी), नाहीतर रंगावरच कसलेला अर्थचा बोल्ट. रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, बोल्ट घट्ट कसा आणि वरून ग्रीस लावा.

फ्यूजच्या बाबतीत मात्र हयगय नको. प्लसच्या वायरीला दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज हवा. वायर मध्येच घासून चेसिसला टेकली, तर करंट दोन्हीकडून येतो. एकाच बाजूला फ्यूज असेल तर दुसरी बॅटरी ती वायर पेटवू शकते. फ्यूजचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरवा. पत्र्यातून वायर जाते तिथे भोकात रबरी ग्रोमेट (वायर घासू न देणारी कडी) लागतोच.

दोन्ही बॅटऱ्या कायमच्या जोडून ठेवल्या, तर रात्री फ्रिज दोन्ही उतरवतो आणि सकाळी सेल्फ लागत नाही. हे टाळायला व्होल्टेज सेन्सिंग रिले, म्हणजे व्होल्टेज बघून दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच असतो: साधारण 13.3 व्होल्टला जोडतो, 12.8 ला तोडतो. सेल्फ मारताच फ्यूज उडत असेल, तर त्या क्षणी रिले जोडलेलाच आहे असं समजा. इंजिन बंद करून लगेच पुन्हा सुरू केलं की हे हमखास होतं, कारण रिलेला सुटायला थोडा वेळ लागतो.

बीएस-6 च्या अनेक गाड्यांत बॅटरी भरली की अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं जनित्र) व्होल्टेज कमी करतो. तिथे रिले सारखा सुटतो, म्हणून डीसी-डीसी चार्जरच लावा; येणारं व्होल्टेज कमी असलं तरी तो दुसऱ्या बॅटरीला हवं तेवढं देतो. गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असेल, तर दुसऱ्या बॅटरीचा अर्थ त्या टर्मिनलवर न घेता चेसिसवर घ्या. नाहीतर बॅटरी किती भरली याचा गाडीचा हिशेब चुकतो.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी डिकीत ठेवू नका. घाटात अ‍ॅसिड सांडतं आणि चार्ज होताना निघणारा हायड्रोजन बंद गाडीत साचतो. बसायच्या भागात सीलबंद एजीएम (अ‍ॅसिड आत शोषून ठेवलेली, न सांडणारी बॅटरी) घ्या. ती बॉनेटखाली नको. आपल्याकडच्या मे महिन्यात आधीच 42 अंश, त्यात इंजिनाची धग. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की लेड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

शेवटी बॅटरी क्लॅम्पने पक्की आवळा. पंचवीस-तीस किलोचं वजन ओंकारेश्वरच्या वाटेवरच्या भेरूघाटाच्या वळणांत नुसत्या पट्ट्यावर राहत नाही. पहिल्या लांब प्रवासानंतर सगळे नट पुन्हा कसा आणि कधीही काम करताना निगेटिव्ह आधी काढा, शेवटी लावा.