लोरा मेश उपकरणांचा पल्ला कसा वाढवावा

मेशटास्टिकसारख्या लोरा उपकरणांचा (मोबाइल नेटवर्कशिवाय, कमी शक्तीच्या रेडिओ लहरींनी एकमेकांमार्फत छोटे संदेश पुढे पाठवणाऱ्या उपकरणांचा) पल्ला कमी पडला की पहिला विचार प्रक्षेपणाची शक्ती वाढवण्याचा येतो. माझ्या मते प्रथम अँटेनाची उंची पाहावी, कारण ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या लहरींना समोरची मोकळी दृष्टिरेषा लागते आणि नाशिकच्या पंचवटीतील दाट वस्तीत खिडकीत ठेवलेले उपकरण काँक्रीटच्या भिंतींमुळे लवकरच निष्प्रभ होते. तेच उपकरण गच्चीवरील पाण्याच्या टाकीपेक्षा उंच नळीवर नेले, तर मोठा फरक पडतो.

अँटेना ८६५ ते ८६७ च्या या भारतीय पट्ट्यासाठीच घ्यावा. ४३३ मेगाहर्ट्‌झचा चालत नाही. पाव तरंगलांबीच्या अँटेनाची तार सुमारे ८.६ सेंटिमीटर भरते. केबल शक्य तितकी आखूड ठेवावी, कारण पातळ केबल १० मीटर लांब असल्यास निम्म्याहून अधिक शक्ती तिच्यातच जिरते. त्यापेक्षा पावसापासून सुरक्षित डब्यात उपकरणच अँटेनाजवळ बसवणे उत्तम. अँटेना न जोडता उपकरण कधीही सुरू करू नये, प्रक्षेपक जळू शकतो.

स्प्रेडिंग फॅक्टर (संदेश किती संथपणे पसरवून पाठवायचा हे ठरवणारी सेटिंग) एका पायरीने वाढवल्यास दूरचा क्षीण संदेशही पकडता येतो, परंतु संदेश पाठवायला लागणारा वेळ जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून गर्दीच्या जाळ्यात हा उपाय जपूनच वापरावा. सर्व उपकरणांची सेटिंग एकसारखी हवी. हॉपची, म्हणजे संदेश उपकरणांमार्फत किती टप्पे पुढे जाईल याची, मर्यादा ३ पुरेशी असते. ती उगाच ७ वर नेल्यास जाळे तुंबते.

शेवटी नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावर चढून घरच्या उपकरणाशी संपर्क होतो का ते पाहावे आणि मिळालेली सिग्नलची नोंद वहीत ठेवावी.