संसदीय शिष्टमंडळांच्या पूर्वतयारीचे काम : नागपूरच्या नवोदितांसाठी काही अनुभव

दरवर्षी हिवाळी अधिवेशनासाठी विधिमंडळ नागपुरात येते, त्या काळात राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील काही मुलेमुली मला भेटतात. परराष्ट्र सेवेची परीक्षा उत्तीर्ण न होताही शेजारी देशांशी असलेल्या संबंधांच्या क्षेत्रात काम करता येते का, एवढेच त्यांतील बहुतेकांना जाणून घ्यायचे असते. करता येते, आणि त्याचा फारसा कोणाला ठाऊक नसलेला एक मार्ग संसदीय शिष्टमंडळांच्या पूर्वतयारीतून जातो. नागपूर विद्यापीठातून एम. ए. करून मी दिल्लीला गेले, आधी एका खासदारांकडे संशोधन सहायक म्हणून आणि पुढे शिष्टमंडळांसाठी टिपणे तयार करणाऱ्या गटात काम केले. त्या कामातून जे उमगले तेवढेच येथे मांडते.

शिष्टमंडळ म्हटले की शाल, स्मृतिचिन्ह आणि ओळीत उभे राहिलेले सदस्य असे वर्तमानपत्रातील छायाचित्र डोळ्यांपुढे येते. त्यामुळे ही सरकारी खर्चाने केलेली सहल आहे असा समज होतो, आणि तो प्रत्येक वेळी खोटाच असतो असे मीही म्हणणार नाही. मात्र त्यामागची व्यवस्था जुनी आणि बऱ्यापैकी शिस्तबद्ध आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय संसदीय गटाचे, म्हणजे खासदारांच्या संस्थेचे, अध्यक्षपद लोकसभेच्या अध्यक्षांकडे पदसिद्ध असते. हाच गट आंतर-संसदीय संघात, म्हणजे देशोदेशींच्या संसदांच्या संघटनेत, भारताचे प्रतिनिधित्व करतो आणि राष्ट्रकुल संसदीय मंडळाची भारतीय शाखा म्हणूनही काम पाहतो. आंतर-संसदीय संघ १८८९ चा, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाहून अर्ध्या शतकाहूनही अधिक जुना आहे. परस्परांच्या निमंत्रणावरून जाणारी सदिच्छा मंडळे, परिषदांना जाणारी मंडळे आणि सरकारने एखाद्या प्रसंगी पाठवलेली सर्वपक्षीय मंडळे या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, हे नवोदितांनी आधी पक्के करून घ्यावे.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर जी सात सर्वपक्षीय शिष्टमंडळे परदेशी गेली, त्यांतील दोघांचे नेतृत्व सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे यांच्याकडे असल्यामुळे आपल्याकडे त्यांची चर्चा पुष्कळ झाली. त्याआधीचे गाजलेले उदाहरण १९९४ चे आहे. रामटेकचे खासदार राहिलेले नरसिंह राव तेव्हा पंतप्रधान होते आणि त्यांनी जिनिव्हा येथील मानवी हक्क आयोगापुढे काश्मीरच्या प्रश्नावर भारताची बाजू मांडण्यासाठी विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांना धाडले होते. ही दोन्ही उदाहरणे मोलाची आहेत, परंतु त्यांत आपण शेजाऱ्याविषयी, म्हणजे पाकिस्तानविषयी, तिसऱ्याशी बोललो. खुद्द शेजाऱ्याशी बोलायला जाणाऱ्या शिष्टमंडळाचे काम निराळे असते, ते पुष्कळसे कॅमेऱ्यापासून दूर चालते, आणि माझ्या मते त्याचा खरा उपयोग एकाच ठिकाणी आहे : ते तेथील विरोधी पक्षालाही भेटू शकते.

सरकार सरकारशी बोलते. राजदूताने यजमान देशातील विरोधी नेत्यांच्या वारंवार भेटी घेतल्या, तर त्याची बातमी होते आणि तिला लगेच राजकीय अर्थ चिकटतो. खासदारांच्या शिष्टमंडळात मात्र आपल्याकडचेच सत्ताधारी आणि विरोधक शेजारीशेजारी बसलेले असतात, त्यामुळे त्यांनी समोरच्या देशातील दोन्ही बाजूंना भेटण्यात कोणाला वावगे वाटत नाही. आज विरोधात असलेला पक्ष उद्या सत्तेवर येतो, आणि त्या वेळी ही ओळख कामी येते. एप्रिल २०१२ मध्ये लोकसभेतील तत्कालीन विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांच्या नेतृत्वाखाली श्रीलंकेला गेलेले शिष्टमंडळ राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांना भेटले, तसेच तमिळ नॅशनल अलायन्स या तेथील तमिळ पक्षांच्या आघाडीच्या नेत्यांनाही भेटले आणि उत्तरेकडील युद्धाची झळ पोहोचलेला भागही त्याने पाहिला. त्याच वेळी द्रमुक आणि अण्णाद्रमुक हे दोन्ही पक्ष त्या दौऱ्यातून बाहेर राहिले होते. श्रीलंकेच्या प्रश्नाशी ज्या राज्याचा सर्वाधिक संबंध, त्याच राज्याचे दोन मोठे पक्ष शिष्टमंडळात नसावेत, यावरून देशांतर्गत राजकारण अशा दौऱ्याला कोठपर्यंत जाऊ देते हे कळते.

बांगलादेशासोबतच्या भू-सीमा कराराचा इतिहास मी प्रत्येक नवोदिताला वाचायला सांगते. करार १९७४ चा, पण भूभागाची देवाणघेवाण असल्यामुळे भारताच्या बाजूने घटनादुरुस्ती अपरिहार्य होती, आणि ती होण्यास २०१५ साल उजाडले. २०१३ च्या अखेरीस विधेयक राज्यसभेत मांडले गेले तेव्हा त्याला कडाडून विरोध झाला होता. मे २०१५ मध्ये मात्र तेच दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाले आणि शंभरावी घटनादुरुस्ती अस्तित्वात आली. ३१ जुलैच्या मध्यरात्री बांगलादेशातील १११ भारतीय आणि भारतातील ५१ बांगलादेशी छिटमहालांची, म्हणजे दुसऱ्या देशाच्या भूमीने वेढलेल्या वस्त्यांची, अदलाबदल झाली. पंतप्रधानांनी सही केली म्हणजे काम संपले असे मानणाऱ्यांनी ही ४१ वर्षे डोळ्यांपुढे ठेवावीत, कारण सीमेवरच्या राज्यांतील खासदारांची समजूत पटल्याशिवाय शेजाऱ्याला दिलेला शब्द पाळता येत नाही.

या मार्गाच्या मर्यादाही उघड आहेत. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची शिखर परिषद २०१४ नंतर झालेली नाही. दक्षिण आशियातील सभापतींची शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांवरील परिषद २०१६ मध्ये ढाक्याला आणि २०१७ मध्ये इंदूरला झाली खरी, पण सप्टेंबर २०१९ मध्ये मालेला पाकिस्तानच्या प्रतिनिधीने काश्मीरचा विषय काढला, राज्यसभेचे उपसभापती हरिवंश यांनी त्याला तेथल्या तेथे हरकत घेतली आणि बातम्या केवळ त्या खडाजंगीच्या झाल्या. शिवाय समोरची संसदच नाहीशी होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशची संसद विसर्जित झाली, सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळची प्रतिनिधी सभा. नेपाळचे वरिष्ठ सभागृह, म्हणजे ५९ सदस्यांची राष्ट्रीय सभा, मात्र कायम राहिली. अशा वेळी कोणाशी बोलत राहायचे, हे ज्याच्या टिपणात आधीच लिहिलेले असते त्या सहायकाची किंमत वरिष्ठांना कळते.

या टिपणाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण नवोदिताच्या वाट्याला येणारे काम मुख्यत्वे हेच आहे. परराष्ट्र मंत्रालयाकडून अधिकृत भूमिकेचे मुद्दे येतात, त्यांत आपण हात घालायचा नसतो. आपण लिहायचे ते समोरच्या माणसांविषयी : सदस्य कोणत्या मतदारसंघातून आला, तो सीमेलगत आहे का, त्याच्या पक्षात सध्या काय चालले आहे, गेल्या अधिवेशनात त्याने कोणते प्रश्न विचारले. भूतानच्या राष्ट्रीय परिषदेतील २५ सदस्यांपैकी कोणीही पक्षाचा नसतो. ही साधी माहिती नसलेला सहायक तेथील सदस्याच्या नावापुढे पक्षासाठी रकाना आखतो आणि टिपण परत येते. काठमांडू आणि थिंफूला आपला राजदूत असतो, ढाका, कोलंबो आणि माले या राष्ट्रकुलातील देशांच्या राजधान्यांत उच्चायुक्त, आणि निमंत्रणपत्रात हा फरक चुकलेला चालत नाही. टिपण दोन पानांच्या वर गेले तर विमानात वाचले जात नाही, हा माझा ठाम अनुभव आहे. खासदाराने परदेशी यजमानाचा पाहुणचार स्वीकारायचा असल्यास परकीय योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० नुसार केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. तो अर्ज, परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय संमती आणि पासपोर्टची मुदत या तीन गोष्टींच्या मागे लागणे हे कंटाळवाणे काम आहे, आणि ते तुमच्याचकडे येईल.

दिल्लीत एकदा बांगलादेशी सदस्यांच्या गटासोबत चहाच्या वेळी उभी असताना मी नागपूरची असल्याचे कळल्यावर त्यांतील एका सदस्याने थेट विचारले, ‘‘मग तुमचा संत्रा आमच्याकडे इतका महाग का झाला, सांगा.’’ वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या बागायतदारांना याचे उत्तर पाठ आहे. २०१९ च्या सुमारास किलोमागे २० टका (बांगलादेशचे चलन) असलेले बांगलादेशचे आयातशुल्क २०२३ पर्यंत ८८ टक्यांवर गेले, निर्यात आटली आणि बागेतला भाव कोसळला. मी ते आकडे सांगितले, तेव्हा शुल्क वाढवण्यामागे परकीय चलनाची चणचण आणि स्थानिक फळबागांचा दबाव ही दोन कारणे त्यांनी मोकळेपणाने मांडली आणि सीमेवर ट्रक खोळंबून माल खराब होतो तो मुद्दा स्वतःहून लिहून घेतला. शुल्क त्या चहाने कमी झाले नाही. तथापि आमच्या खासदारांच्या पुढच्या टिपणात ‘शुल्क कमी करा’ या मागणीऐवजी नाशवंत मालाला पेट्रापोल-बेनापोल या भारत-बांगलादेश सीमेवरच्या नाक्यावर प्राधान्य द्यावे, ही समोरच्याला मान्य करता येण्याजोगी मागणी गेली. विदर्भातील विद्यार्थ्याजवळ अशी जमिनीवरची माहिती असते, दिल्लीत वाढलेल्या उमेदवाराजवळ ती सहसा नसते.

नागपुरात राहून तयारी कशी करावी, हे आता सांगते. राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा हिवाळी अधिवेशनात विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी विधानभवनात संसदीय अभ्यासवर्ग भरवते. आपल्या विभागामार्फत त्यात नाव द्यावे आणि तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, समित्यांचे कामकाज हे प्रत्यक्ष पाहावे. हुरडा पार्टी नंतरही करता येते. परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यांतील डोकलामसह भारत-चीन संबंधांवरचा २०१८ चा आणि ‘शेजारी प्रथम’ धोरणावरचा जुलै २०२३ चा, हे दोन अहवाल पुराव्यांसकट वाचावेत. छिंदवाडा मार्गावरील राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत भूतानचे अधिकारी प्रशिक्षणाला येतात, दीक्षाभूमीवर श्रीलंका आणि म्यानमारचे भिक्खू येतात. शेजारी देशांतील माणसांशी बोलण्याची संधी शहरातच आहे, ती साधावी. बांगला किंवा नेपाळी यांपैकी एक भाषा वर्तमानपत्र वाचण्याइतकी शिकावी. नेपाळी देवनागरीतच असल्याने आपल्याला ती लवकर वाचता येते.

पदवीनंतर पीआरएस या संसदीय कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची खासदारांच्या सहायकांसाठीची लॅम्प फेलोशिप हा सर्वांत सरळ प्रवेशमार्ग आहे. ती पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पीय अधिवेशनाच्या अखेरीपर्यंत चालते आणि तिला वयाची अट असल्यामुळे एम. ए. झाल्यावर वर्ष वाया घालवू नये. कायम नोकरी हवी असल्यास लोकसभा सचिवालयाच्या संशोधन सहायक आणि राजशिष्टाचार सहायक या पदांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. त्या नियमित निघत नाहीत, म्हणून केवळ त्यांच्या भरवशावर राहू नये. खासदारांच्या कार्यालयाकडे थेट अर्ज करणार असाल, तर आत्मवृत्तापेक्षा एखाद्या शेजारी देशाच्या संसदेतील चालू विषयावर स्वतः लिहिलेले दोन पानी टिपण सोबत जोडा, आणि ते अधिवेशन सुरू होण्याच्या निदान महिनाभर आधी पाठवा, कारण अधिवेशनाच्या धामधुमीत नवे अर्ज कोणी उघडून पाहत नाही.