पावसाळ्यात परवान्याच्या बंदुकीची निगा

कोकण किनाऱ्यावर शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बाळगलेली बारा बोअरची बंदूक वापराने झिजते त्याहून अधिक खाऱ्या हवेने खराब होते, कारण हवेतील मीठ स्वतःच ओलावा ओढून घेते आणि तेलाचा थर जेथे पुसला गेला असेल तेथे गंज धरू लागतो. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात, बंदूक बाहेर काढलेली नसली तरीही, ती रिकामी असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करून घेऊन आठवड्यातून एकदा नळी आतून कोरड्या चिंधीने पुसावी आणि मग बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. तेल जास्त झाल्यास त्याला धूळ व दारूची काजळी चिकटून आतली यंत्रणा जड चालते. अर्धस्वयंचलित बंदुकीत तर काडतूस अडकण्यास एवढे पुरते. घरचे खोबरेल मात्र लावू नये, ते थंडीत थिजते. बंदूक कापडी किंवा चामडी खोळीत घालून ठेवण्याची आपल्याकडची सवय सर्वांत घातक आहे, कारण खोळ ओल धरून ठेवते. त्यापेक्षा कुलूपबंद, कोरडे कपाट बरे, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. हाताळून झाल्यावर घामाचे ठसेही पुसावेत, कारण त्यातही मीठच असते.