सायकलिंगमध्ये प्रगती होतेय की नाही, मोजायचं कसं?

राइड संपली की बरेच जण आधी अ‍ॅव्हरेज स्पीड बघतात आणि त्यावरच खूश नाहीतर नाराज होतात, पण सपाट रस्त्यावरचा अ‍ॅव्हरेज हा या कामासाठी सगळ्यात कच्चा आकडा आहे. तिथे बरीचशी ताकद हवा कापण्यातच जाते, मग समोरून वारा आला, सिग्नल लागले किंवा कुणाच्या मागे चिकटून चालवली की पायांत काहीच बदल नसताना आकडा कुठल्या कुठे जातो.

त्यापेक्षा एक चढ ठरवून टाका. १०-२० मिनिटं लागतील असा, मध्ये सिग्नल नको, उतार नको. चढावर स्पीड कमी म्हणून वाऱ्याची लुडबुडही कमी. आदल्या दिवशी आराम किंवा अगदी हलकी राइड, १५ मिनिटं वॉर्मअप, टायरमध्ये हवा आणि सायकलवर सामान दर वेळी तेवढंच. पहिली दोन-तीन मिनिटं हात राखूनच चालवा, बहुतेकांची टेस्ट इथेच जोशात फसते. वर पोचलात की वेळ, सरासरी हार्ट रेट, त्या दिवशीचं वजन आणि दहापैकी किती जोर लागल्यासारखं वाटलं, एवढं लगेच लिहून ठेवा. ४-६ आठवड्यांनी परत तोच चढ, दर आठवड्याला करत बसलात तर फक्त थकवाच मोजला जातो.

वेळ तेवढाच पण हार्ट रेट कमी, ही पण प्रगतीच आहे बरं का, आणि ती अनेकांच्या नजरेतून सुटते! फक्त ऊन, अपुरी झोप, कॉफी यांनीही हार्ट रेट चढतो म्हणून शक्यतो त्याच वेळी, तशाच हवेत करा.

पॉवर मीटर (पायांची ताकद वॉट्समध्ये मोजणारं यंत्र) असेल तर २० मिनिटं जीव तोडून चालवा, सरासरी वॉट्सचे ९५ टक्के म्हणजे अंदाजे एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल अशी जास्तीत जास्त पॉवर). २१० आले तर साधारण २००, वजन ७० किलो असेल तर किलोमागे २.८५ वॉट. मीटर दर राइडआधी झीरो करा. २-३ वॉट वाढले तर लगेच हुरळून जाऊ नका, तेवढा फरक मीटरचाच असू शकतो.

लांब पल्ल्याची तयारी असेल तर दोन तास एकाच पॉवरला चालवा आणि दोन्ही तासांचा हार्ट रेट ताडून बघा. दुसऱ्या तासात तो ५ टक्क्यांपेक्षा कमी वाढला तर बेस, म्हणजे लांब चालवायचा दमसास, चांगला बसलाय, जास्त वाढला तर अजून काही आठवडे निवांत लांब राइड्सच करा, इंटरव्हल्स (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू असं आलटून-पालटून) नंतर.