बॅरिएट्रिकच्या आधी गोळ्यांच्या स्ट्रिपा उलट्या करून बघा

ताईचं बॅरिएट्रिक, म्हणजे वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन, ठाण्यातच झालं, फाईल घेऊन मीच फिरत होते म्हणून लिहितेय. पहिलं काम, घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत टाका आणि मागचं बारीक अक्षर मोबाईलवर झूम करून वाचा. ताई म्हणायची मी शुगरची फक्त मेटफॉर्मिन घेते, आणि त्याच गोळीत डापाग्लिफ्लोझिन हे शुगरचं दुसरं औषध पण निघालं! आजकाल एकात दोन-तीन औषधं असतात. नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन असेल तर सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर, दोघांनाही सांगायचं, एकाला सांगितलं म्हणजे दुसऱ्याला कळतंच असं नाही. ही गोळी साधारण 3 दिवस आधी बंद करतात, अर्टुग्लिफ्लोझिन असेल तर 4. कारण ती लघवीतून साखर काढते, त्यात ऑपरेशनआधीचं लिक्विड डाएट, मग शरीर चरबी जाळत बसतं, कीटोन (चरबी जळताना तयार होणारं आम्ल) वाढतात आणि मशीनवर शुगर मात्र 160 दिसते, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर शुगर बघून गप्प बसू नका, कीटोन तपासायला सांगा.

ग्लिमेपिराइड (ही पण शुगरची गोळी) किंवा इन्सुलिनचा डोस पण लिक्विड डाएट सुरू व्हायच्या आधीच विचारा, नाहीतर शुगर धाडकन पडते.

मौंजारोसारखं शुगर-वजनाचं आठवड्याचं इंजेक्शन असेल तर शेवटचं कुठल्या तारखेला घेतलं ते लिहून ठेवा. पोट हळू रिकामं होतं आणि भुलीत उलटी फुफ्फुसात जायची भीती असते. 2023 मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांनी आठवडाभर आधी थांबवा म्हटलं, 2024 पासून पेशंट बघून ठरवतात, कधी इंजेक्शन चालू ठेवून आदल्या दिवशी फक्त लिक्विड. आपलं आपण ठरवायचं नाही, बास.

आता किडनी. ऑपरेशननंतर एका दमात ग्लासभर पाणी जातच नाही आणि ठाण्याचा मे महिना म्हणजे नुसता घाम, म्हणून बाटली हातात ठेवून दिवसभर घोट घोट, दीड-दोन लिटर. उलट्या होतायत, लघवी कमी आणि गडद झालीय आणि तरी बीपीची टेल्मिसार्टन किंवा लघवी जास्त व्हायची गोळी चालूच आहे, असं असेल तर त्याच दिवशी फोन करा. आणि मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणायचं नाही, किडनी पण जाते आणि आत अल्सर पण होतो.

बॅरिएट्रिकमधलं गॅस्ट्रिक बायपास (पोटाचं, हृदयाचं नाही) असेल तर मुतखड्याचं बघा. न पचलेली चरबी कॅल्शियम धरून ठेवते, मग जेवणातलं ऑक्सलेट (ज्याचे खडे होतात ते) मोकळं राहून किडनीत जातं. म्हणून कॅल्शियम सायट्रेट जेवणासोबत घ्यायचं आणि पालक, अळू कमी (अळूवडीवरून आमच्याकडे चिक्कार भांडण झालं).

क्रिएटिनिन (किडनीची रक्त तपासणी) कमी आलं म्हणून पेढे वाटू नका, वजनाबरोबर स्नायू पण घटतात म्हणून ते खोटं चांगलं दिसतं. सिस्टॅटिन सी (किडनीचीच दुसरी रक्त तपासणी) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रोटीन) करायचं का ते विचारा, आणि ऑपरेशनच्या आधीचा रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात वर लावा.